रांगत्या नजरेने पाहिलेलं घर

पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं. तासाभरात ते जाणार असतं, म्हणून मोरीतल्या दोन बादल्या, न्हाणीघरातलं पिंप, ओट्याखालची कळशी, कपडे भिजवायचा टब असं सगळं भरून ठेवलं जातं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दिवस असाच उजाडतो. दुपारपर्यंत त्यातली एखादी बादली अर्धी झालेली असते. घरातलं दहा-अकरा महिन्यांचं बाळ नुकतंच धरून उभं राहायला लागलेलं असतं. ते रांगत मोरीपाशी येतं, बादलीचा काठ धरून उठतं आणि आत डोकावतं. पाण्यावर उजेड हलत असतो. तो धरायला हात पुरत नाही, म्हणून ते आणखी वाकतं.

मोठ्या माणसाला या दृश्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही, कारण त्याच्या लेखी बादली ही गुडघ्याखालची वस्तू आहे. बाळाची ठेवण मात्र निराळी असते. जन्माच्या वेळी डोकं शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते साधारण एक अष्टमांश. रांगत्या वयातही शरीराचा भार वरच्या बाजूलाच असतो. काठावरून थोडं जास्त वाकलं की पाय जमिनीवरून सुटतात, डोकं खाली जातं आणि स्वतःला मागे रेटण्याइतकी ताकद हातांत नसते. अर्ध्या भरलेल्या वीस लिटरच्या बादलीत दहा किलो पाणी असतं, म्हणजे जवळजवळ बाळाच्याच वजनाएवढं. त्यामुळे ती सहज कलंडतही नाही. नाक-तोंड बुडेल एवढं, चार-पाच सेंटिमीटर पाणी घाताला पुरेसं असतं. हाक ऐकू येत नाही, फारसं पाणी उडत नाही. शेजारच्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मरण पावली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणं म्हटलं की नदी, समुद्र, विहीर डोळ्यांसमोर येते. रांगत्या बाळासाठी मात्र त्या यादीत बादली, टब आणि पिंपही असतं.

‘लक्ष ठेवा’ एवढ्याने भागत नाही

लहान मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘लक्ष ठेवा’. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. घरात एकच मोठं माणूस असतं, गॅसवर दूध असतं, दारावर कुरिअरवाला असतो, फोन वाजत असतो. पापणी लवते, पाठ वळते. अपघाताला तेवढा अवधी पुष्कळ झाला. मग अपघात घडला की तोच सल्ला उलटून आईच्या अंगावर येतो, ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ आधीच होरपळलेल्या माणसाला हा प्रश्न विचारून पुढच्या बाळाचा अपघात टळत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जिथे जिथे लहान मुलांचे अपघात खरोखर कमी झाले, तिथे माणसांना बजावण्याबरोबर वस्तू बदलल्या गेल्या, जागा बदलल्या गेल्या.

न्यूयॉर्कचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडण्याचे प्रकार तिथे इतके वाढले होते की शहराच्या आरोग्य विभागाने १९७२ साली ब्राँक्स भागात एक मोहीम सुरू केली. तिचं नाव होतं ‘मुलांना उडता येत नाही’. घरोघरी जाऊन पालकांशी बोलणं तर झालंच, पण त्याबरोबर खिडक्यांना लावायचे गज मोफत दिले गेले. ब्राँक्समधले असे अपघात जवळजवळ निम्म्यावर आले. १९७६ मध्ये शहराने नियमच केला: ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहतं, तिथे घरमालकाने खिडकीला गज बसवलेच पाहिजेत. दोन गजांमधलं अंतर साडेचार इंचांपेक्षा जास्त चालणार नाही, हेही ठरलं. आईची नजर चुकली तरी लोखंडाचा गज जागचा हलत नाही.

औषधाच्या बाटलीचं झाकण हे दुसरं उदाहरण. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो गोळ्या गिळलेल्या मुलांवर उपचार करून व्यथित झाले होते. त्यांच्या पाठपुराव्यातून १९६७ साली दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं झाकण तयार झालं. त्या भागात औषधांमुळे होणाऱ्या विषबाधा झपाट्याने घटल्या, आणि १९७० मध्ये अमेरिकेने अशा वेष्टनांसाठी कायदा केला. भारतात मात्र गोळ्या बहुतेक पट्टीत येतात आणि सिरपच्या पुष्कळ बाटल्यांना साधंच झाकण असतं. त्यामुळे ते झाकणाचं काम इथे कपाटाच्या उंचीला आणि कुलपाला करावं लागतं.

दर दोन महिन्यांनी नवं घर

घर तेच राहतं, बाळ बदलत जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते कुशीवर वळतं, मग पालथं पडतं. ज्या पलंगावर कालपर्यंत ते जिथे ठेवलं तिथेच राहत होतं, त्याच पलंगावरून आज खाली येतं. आठव्या-नवव्या महिन्यात रांगतं. त्याच सुमाराला अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमते, आणि जमिनीवर पडलेला मोहरीएवढा दाणाही उचलता येतो. उचललेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते, कारण या वयात जग ओळखण्याचं मुख्य साधन तोंडच असतं. वर्षाच्या आसपास पावलं पडतात. दीड वर्षाचं मूल खुर्ची ओढून तिच्यावर चढतं, आणि मग ‘वर ठेवलंय’ या शब्दांना अर्थ उरत नाही. यात मुलाचा दोष काडीइतकाही नाही. ते त्या वयाचं काम करतं आहे. पुढच्या दोन महिन्यांत त्याला काय करता येणार आहे, हे ठाऊक असल्यामुळे मोठ्यांना त्याच्या एक पाऊल पुढे राहता येतं.

त्यासाठीचा सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे. आई, बाबा, आजी, कुणीही एका संध्याकाळी गुडघे आणि तळहात टेकून घरभर रांगावं. सोफ्याखाली गेल्या दिवाळीचा टिकलीच्या फटाक्याचा तुकडा सापडतो. टेबलावरच्या कापडाचं टोक बरोबर हाताशी लोंबत असतं, आणि त्या कापडावर इस्त्री किंवा चहाचा कप असतो. भिंतीच्या तळाशी प्लगची तीन छिद्रं नेमकी डोळ्यांसमोर येतात. पलंगाखाली डास मारायच्या औषधाची जुनी बाटली दिसते. उभं राहून यातलं काहीच दिसलेलं नसतं.

चहा, आधण आणि देवघर

लहान मुलांची त्वचा पातळ असते. मोठ्या माणसाच्या हाताला जे पाणी ‘कडकडीत’ वाटतं, त्याने बाळाची कातडी सोलवटते. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, बाळाला त्याहून लवकर. हेच पाणी ४९ अंशांवर असेल तर तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात हात मागे घेता येतो. म्हणून गीझरची कळ पन्नास अंशांच्या आत ठेवावी. आंघोळीचं पाणी काढताना आधी थंड, मग गरम हा क्रम पक्का ठेवावा. आधणाची बादली आणि विसणाची बादली शेजारी ठेवायची जुनी पद्धत रांगतं बाळ घरात असताना सोडलेली बरी. पाण्यात टाकायचा हीटरचा रॉड तर दुहेरी धोका आहे, भाजण्याचा आणि शॉकचा. तो लावलेला असताना न्हाणीघराला बाहेरून कडी हवी.

घरात मुलं भाजण्याचं एक मोठं कारण अगदी साधं आहे, मोठ्यांचा चहा. कपातला चहा करून पंधरा मिनिटं झाली तरी तो बाळाला भाजण्याइतका गरम असू शकतो. मांडीवर बाळ आणि हातात चहा, ही जोडी कितीही प्रेमाची दिसली तरी टाळावी. स्वयंपाकघरात कढईचा दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला वळवलेला असावा. जमिनीवर बसून स्वयंपाक होत असेल किंवा चूल असेल, तर चुलीभोवती हातभर उंचीचा कट्टा किंवा आडवी फळी मुलाला दोन पावलं लांब ठेवते.

भाजलंच, तर पहिला उपाय पाणी. वाहत्या साध्या गार पाण्याखाली तो भाग पूर्ण २० मिनिटं धरायचा, बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावायचं नाही. त्याने जखमेतली उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरांना तो लेप आधी खरवडावा लागतो. कपडे चिकटले नसतील तर काढावेत, स्वच्छ सुती कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

देवघर बहुतेक घरांत जमिनीलगत किंवा छोट्या चौरंगावर असतं. समई, निरांजन, उदबत्ती, काडेपेटी सगळं बाळाच्या उंचीवर. तिथला सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे कापूर. तो पांढरा, चमकदार आणि खडीसाखरेसारखा दिसतो. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं, आणि काही मिनिटांत झटके येऊ शकतात. सर्दी झाली की तान्ह्या बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती पुरचुंडी बाळ चोखतं, हे लक्षात आलं की ती काढून टाकण्याला आजीचाही विरोध राहत नाही. देव वरच्या फळीवर बसवले म्हणून पूजेत उणं येत नाही. निदान दोन वर्षं तरी ते उंचावर असावेत.

बाळ-बाळंतिणीला शेक आणि धुरी देण्यासाठी पेटवलेल्या शेगडीबद्दलही इथेच सांगायला हवं. बंद खोलीत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. थंडीच्या दिवसांत खिडक्या लावून शेगडी ठेवून झोपणं आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे.

शेंगदाणा नको, कूट चालेल

मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढलेल्या वस्तूंची यादी भारतातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात विचारली, तर पहिलं नाव बहुधा शेंगदाण्याचंच निघेल. त्यामागे चणे, फुटाणे, सुपारीचं खांड, चिंचोका, सीताफळाची बी. याचं कारण दातांत आहे. पुढचे दात आठव्या-नवव्या महिन्यापासून दिसू लागतात, त्यांनी तुकडा तोडता येतो. पण वाटून काढणाऱ्या दाढा पूर्ण यायला अडीच वर्षं उलटतात. दाणा तोडला जातो, चावला जात नाही. त्यातच मूल हसलं, धावलं, रडलं की तो श्वासाबरोबर आत जातो. म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोत. दाण्याचं कूट, भिजवून वाटलेले बदाम, मऊ शिजवलेली उसळ खुशाल द्यावी. द्राक्षं उभी चिरून द्यावीत. आणि खाताना मूल एका जागी बसलेलं असावं. घास घेऊन मागे धावत भरवण्याची हौस त्याच्या घशाशी खेळते.

खेळण्यांसाठी एक माप लक्षात ठेवावं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी, ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारा भाग धोक्याचा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्या नाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी वस्तूही बाळाच्या हाती नको, असं ढोबळ गणित घरी करता येतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. जत्रेतल्या पालावर किंवा सिग्नलला घेतलेल्या खेळण्यावर ते नसतं, तेव्हा ते खेळणं आधी मोठ्यांनी ओढून, पिळून पाहावं. वाढदिवसाला फुटलेल्या फुग्यांचे तुकडे ताबडतोब गोळा करावेत. ते रबर घशाला चिकटून बसतं.

अलीकडच्या काळात एक नवा शत्रू घरात आला आहे, बटणासारखी चपटी बॅटरी. ती रिमोटमध्ये असते, गाडीच्या किल्लीत असते, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असते, दिवे लागणाऱ्या खेळण्यात असते आणि दिवाळीत दारात ठेवायच्या विजेवरच्या पणत्यांतही असते. अन्ननलिकेत अडकल्यावर तिचा ओलाव्याशी संपर्क येऊन विद्युतप्रवाह सुरू होतो आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते, आणि तेवढ्या वेळात मूल कदाचित फक्त लाळ गाळत असतं किंवा खायला नको म्हणत असतं. अशी नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, उलटी करवायची नाही. एक वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देण्याचा सल्ला विषतज्ज्ञ देतात. त्यामुळे भाजण्याचा वेग कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीच नाही, चाटवायलासुद्धा नाही. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

घास किंवा वस्तू अडकून मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हाच क्रम. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके. तोंडात न बघता बोट घालू नये, त्याने दाणा आणखी आत ढकलला जातो. हे वाचून समजतं, पण हाताला वळण बाहुलीवर सराव करूनच लागतं. बाळ रांगायला लागण्याआधी घरातल्या दोघांनी तरी ते प्रशिक्षण घ्यावं.

लाल गोळी

अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून गरोदर आणि बाळंतिणीला लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या लाल असतात, त्यांवर साखरेचं आवरण असतं. आईच्या रक्तासाठी त्या अमृत आहेत. त्यातल्या प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोहापासून विषबाधेची लक्षणं दिसू लागतात आणि ६० मिलिग्रॅमच्या वर ती जीवघेणी ठरू शकते. म्हणजे दहा किलोंच्या मुलासाठी धोका चौथ्या गोळीपासून सुरू होतो आणि दहा गोळ्यांची एक पट्टी प्राणावर बेतते. मोठ्या भावंडाला चॉकलेटच्या रंगीत गोळ्या ठाऊक असतात, आणि या गोळ्या हुबेहूब तशाच दिसतात. ‘औषध नाही, चॉकलेट आहे’ असं सांगून मुलांना औषध पाजण्याची सवयही म्हणूनच मोडायला हवी.

रॉकेलचा वापर आता कमी झाला, पण रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवण्याची सवय फिनेल, ॲसिड आणि टर्पेंटाइनच्या रूपाने टिकून आहे. शीतपेयाच्या बाटलीत ओतलेलं काहीही मुलाच्या दृष्टीने शीतपेयच. रॉकेल किंवा टर्पेंटाइन प्यायलेल्या मुलाला मीठपाणी पाजून उलटी करवणं फार धोकादायक असतं, कारण वर येताना ते फुप्फुसात उतरतं. मूळ बाटली, मूळ लेबल आणि कडी असलेलं उंच कपाट, एवढं पाळलं तरी मोठा धोका टळतो. कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचंही असंच. थोरल्याची झबली-दुपटी डांबरगोळ्यांत ठेवून वर्षांनी धाकट्याला घातली, तर त्यातलं नॅफ्थॅलीन कातडीतून आणि श्वासातून आत जातं. जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. कडुनिंबाचा पाला आणि दोन दिवसांचं कडक ऊन कपड्यांना पुरतं.

विषबाधेची शंका आली तर नवी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही आकडे शीतकपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असावेत, म्हणजे मोबाइल शोधत बसावं लागत नाही.

झोप आणि चालणं

निजलेल्या बाळाची काळजी घरातले सगळे घेतात, फक्त त्यातल्या काही वस्तू अडचणीच्या असतात. डोकं गोल व्हावं म्हणून घातलेली मोहरीची उशी, बाजूला लावलेले लोड, जाड दुलई, कापसाचे प्राणी. तान्ह्या बाळाला तोंडावर आलेलं कापड बाजूला सारता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर, उताणं निजवण्याची मोहीम झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. सपाट, जरा टणक अंथरूण, पाठीवर झोप, तोंडाजवळ काही नाही, एवढंच त्याला लागतं. साडीची झोळी बांधली असेल तर बाळ कुशीवर वळायला लागलं की ती सोडावी, आणि तिचा झोका करून मोठ्या भावंडांना एकट्याने खेळू देऊ नये. पिळलेली साडी गळ्याभोवती आवळते. तसंच गळ्यातल्या काळ्या मण्यांचं, दोऱ्याचं आणि साखळीचं; निजताना ते काढून ठेवावेत.

चालायला शिकवण्यासाठी मराठी घरांत लाकडी पांगुळगाडा असायचा. मूल त्याच्या मागे उभं राहतं, स्वतःच्या पायांवर भार पेलतं आणि ढकलत पुढे जातं. आता त्याच नावाने बाजारात मिळतं ते चाकांचं, मध्ये बसायची झोळी असलेलं वॉकर. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत सेकंदाला मीटरभर वेगाने सुटतं; जिना, उंबरठा, गरम इस्त्री यांच्यापाशी मोठं माणूस पोहोचण्याआधी ते पोहोचतं. चालणंही त्यामुळे लवकर येत नाही. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आजीच्या माळ्यावरचा तीन चाकांचा लाकडी गाडा अजून शाबूत असेल, तर तो खाली काढून पुसावा.

गज, कूलर, शेततळं

मुंबई-पुण्याच्या इमारतींत खिडकीबाहेर आलेलं ग्रिल मुलांची बैठक बनतं. त्याच्या गंजलेल्या सांध्यांवर कुणी हात फिरवलेला नसतो. गजांमधून मुलाचे पाय आणि धड आधी निसटतात आणि डोकं अडकतं, म्हणून आडव्या-उभ्या कोणत्याही फटीत दहा सेंटिमीटरहून जास्त जागा नको. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलासाठी शिडीच. खिडकीखालचा दिवाण, कुंड्या, चपलांचं कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवावं. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून ग्रिलचा एक भाग किल्लीने उघडणारा असावा, आणि ती किल्ली मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरल्या जागी.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं आणि मुलं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचं अंग, आत पाणी, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेली दोन पिनांची वायर, असं सगळं तिथे एकत्र येतं. पाणी भरताना प्लग काढायचा, तीन पिनांचीच वायर वापरायची आणि घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवायचा. प्रवाह शरीरातून जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात वीज बंद करतो. नागपूर-अकोल्याच्या घरात मे महिन्यापूर्वी करायचं हे सर्वांत मोलाचं काम आहे.

कोकणात धोका वेगळा, लाल विंचू. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी मुलं पाहिली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने ती वाचू शकतात हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं: दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता आरोग्य केंद्र गाठायचं. दंश टाळण्यासाठी लाकडं आणि कौलांचा ढीग घरापासून लांब, चपला झटकून, आणि झोपताना गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावणाऱ्या मण्यारीलाही तीच मच्छरदाणी अडवते.

मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, नाशिककडे वस्तीवरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर शेततळं असतं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर त्यांची संख्या खूप वाढली. तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो. पोहता येणाऱ्या माणसालाही त्यावरून वर चढता येत नाही, मग चालत आलेल्या लेकराची काय कथा. तळ्याभोवती जाळीचं कुंपण, बंद होणारं दार आणि चारी काठांवरून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर हा खर्च तळ्याच्याच खर्चात धरायला हवा.

शेतीच्या दिवसांत मूल सांभाळायचं कुणी, हा प्रश्न बांगलादेशाने वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे तळी-पुकुर दारात असतात, आणि आया कामात गढलेल्या असतानाच्या सकाळच्या तासांत मुलं सर्वाधिक बुडतात, असं दिसलं होतं. म्हणून गावागावांत ‘आँचल’ नावाची पाळणाघरं उभी राहिली. एक ते पाच वर्षांची मुलं सकाळी नऊ ते एक त्या गावातल्याच बाईकडे राहतात. अभ्यासात असं आढळलं की या मुलांचा बुडून मरण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, कांदा लागवडीच्या रानात आईबरोबर येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांना असं चार तासांचं पाळणाघर मिळालं, तर आईलाही पाठ वळवताना धडकी भरणार नाही.

आजोळी जाताना

आपलं घर नीट केलं तरी मे महिन्यात बाळ आजोळी जातं. तिथे आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या उशाशी डब्यात असतात. साखरेची एखादी गोळीही बाळाचं रक्तातलं साखरेचं प्रमाण धोकादायक खाली नेऊ शकते. परसात हौद असतो, त्यावरची फळी कधीच मोडलेली असते. विहिरीचा कठडा एका बाजूने खचलेला असतो. कोपऱ्यात गोठ्याच्या फवारणीचं औषध दुधाच्या जुन्या बाटलीत असतं. आजीने आपली चार मुलं याच घरात वाढवलेली असतात, त्यामुळे तिला सूचना केलेल्या आवडत नाहीत. तिला बरोबर घेऊन फिरलं तर मात्र ती स्वतःच सांगते की कुठे कोण पडलं होतं, कुणाला कुठे चटका बसला होता, हौदापाशी कोण सापडलं होतं. त्या घराची अशी माहिती दुसऱ्या कुणालाच नसते.

म्हणून गाडीतून उतरल्यावर पिशव्या सोडण्याआधी अर्धा तास त्या फेरीला द्यावा. गोळ्यांचा डबा कपाटावर जातो. हौदावर पत्रा आणि त्यावर दगड येतो. फवारणीची बाटली गोठ्याच्या तुळईवर चढते. देवघरातला कापूर आजी पदराला बांधते. आणि मोरीतल्या दोन्ही बादल्या, पाणी वापरून झालं की, बाळ तिथे असेपर्यंत पालथ्या घातल्या जातात.